वाऱ्याचा घाट : कास्तियाच्या मैदानातून सायकलवर

स्पेनमधली कामिनो दे सान्तियागो ही यात्रेची वाट चालणाऱ्यांपैकी बरेच जण बुर्गोस आलं की बसमध्ये बसतात आणि थेट लेओनला उतरतात. मधल्या पावणेदोनशे किलोमीटरबद्दल त्यांचं एकच म्हणणं असतं, तिथे बघण्यासारखं काही नाही. गहू, आभाळ आणि परत गहू. आम्ही नेमका तोच मुलूख निवडला. पालेन्सियाहून निघायचं, कास्तियाच्या कालव्याच्या काठाने फ्रोमिस्ता गाठायचं, तिथून कार्रियोन, मग यात्रेकरूंची वाट सोडून तिएर्रा दे काम्पोस या गव्हाच्या मैदानाच्या पोटात शिरायचं आणि मेदिना दे रियोसेको, उरुएन्या, तोर्देसियास करत वायादोलिदला बाहेर पडायचं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. ताई सोलापूरच्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण आणि सायकल या दोन गोष्टी घेतल्या आणि दोन्ही मनापासून वापरल्या. मी नेदरलँड्समध्ये राहते, त्यामुळे सपाटी आणि वारा मला नवे नाहीत असं मला वाटत होतं. पण तिथली सपाटी समुद्राच्या पातळीवरची, ही साडेसातशे-आठशे मीटर उंचीवरची. इथलं ऊन वेगळं, थंडी वेगळी आणि वाऱ्याचा स्वभावही वेगळा.

पहिला दिवस : पालेन्सिया ते फ्रोमिस्ता

पालेन्सियाच्या कॅथेड्रलला स्पॅनिश लोक ‘अनोळखी सुंदरी’ म्हणतात, कारण बाहेरून ते अगदी रुक्ष दिसतं आणि शहरही पर्यटकांच्या नकाशावर मागेच असतं. १३२१ साली बांधायला घेतलेली ही इमारत उभी राहायला दोनेक शतकं गेली. मला आवडलं ते तळघर. सान अंतोलिनची ती दगडी खोली व्हिसिगॉथ राजवटीतली, म्हणजे वरच्या चर्चहून सहा-सातशे वर्षांनी जुनी. पायऱ्या उतरलं की गारवा अंगावर येतो. या शहरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधलं पहिलं विद्यापीठ निघालं होतं. ते पुढे बंद पडलं आणि नाव झालं सालामांकाचं. शहराबाहेरच्या टेकडीवर ख्रिस्ताचा वीसेक मीटर उंच पुतळा आहे, व्हिक्तोरियो माचो या शिल्पकाराने १९३१ साली घडवलेला. शहर मागे पडलं तरी कितीतरी वेळ तो पाठीशी दिसत राहतो.

कालव्याची वाट शहराच्या कडेलाच लागते. खडी-मातीची, दोन्ही बाजूंना झाडं, एका हाताला संथ हिरवं पाणी. ही मुळात खेचरांची वाट. माल भरलेल्या होड्या दोराला बांधून खेचरं काठाने ओढत नेत. कास्तियाचा गहू सान्तान्देरच्या बंदरापर्यंत पाण्यातून न्यायचा, असा राजाचे मंत्री मार्किस दे ला एन्सेनादा यांचा बेत होता. १७५३ साली खोदकाम सुरू झालं. पैसा संपला, युद्धं झाली, बंदिवानांकडून खोदून घेतलं गेलं, आणि १८४९ साली २०७ किलोमीटरचा कालवा पुरा झाला. तोही डोंगर न ओलांडताच. उत्तरेला आलार देल रेय इथे तो थांबला आणि पुढचा प्रवास बैलगाड्यांवर राहिला. जेमतेम दहा-पंधरा वर्षं भरभराटीची गेली आणि शेजारून आगगाडी धावायला लागली. शतकभराच्या कष्टांवर एका दशकात पाणी! १९५९ साली मालाच्या होड्या बंद झाल्या. आज हे पाणी शेतीला आणि नळांना जातं. खेचरांची वाट मात्र आमच्यासारख्यांच्या कामी आली. चढ जवळजवळ नाहीच, मोटारी नाहीत, आणि लव्हाळ्यातून नाइटिंगेल भरदिवसा गात असतात.

एल सेर्रोनला कालव्याचे फाटे फुटतात. तिथे पुलाच्या कठड्यावर बसून पाव आणि मेंढीच्या दुधाचं चीज खाल्लं. इथला कान्देआल पाव आतून पांढराशुभ्र आणि घट्ट असतो, हाताने तुटता तुटत नाही. ताईंनी पहिल्या घासालाच सांगून टाकलं, “हा चहात बुडवायला उत्तम.”

दुपारी ताईंच्या मागच्या चाकातली हवा गेली. टायर उलटा करून आतून हात फिरवला तर बोटाला टोचला तो चक्क सराटा. आपल्याकडे माळावर अनवाणी पायात घुसतो तोच, गोखरूचा काटा. वनस्पतीही एकच. ताईंनी तो ठिगळाच्या डबीत जपून ठेवला. ट्यूब बदलायला माझ्यापेक्षा त्यांनाच कमी वेळ लागतो, हे इथे नमूद करायला हवं.

फ्रोमिस्ताच्या वेशीवर कालवा एका दमात चौदा मीटर खाली उतरतो. एकाखाली एक अशी चार दगडी कुंडं, अंडाकृती आकाराची. होडी एका कुंडात घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून ती खालच्या पातळीवर आणायची, पुढचं दार उघडायचं, असं चार वेळा. आता दारं काढून टाकली आहेत आणि पाणी नुसतं कोसळत राहतं. दगडांच्या सांध्यांमध्ये नखही जात नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचं ते काम बघत आम्ही इतका वेळ उभ्या राहिलो, की सान मार्तिनचं चर्च बंद व्हायची वेळ झाली.

दुसरा दिवस : फ्रोमिस्ता ते कार्रियोन दे लोस कोन्देस

सान मार्तिन सकाळी पाहिलं. अकराव्या शतकातलं, रोमनेस्क शैलीचा नमुना म्हणून प्रत्येक पुस्तकात असणारं. छपराच्या कडेखाली तीनशेहून अधिक दगडी ब्रॅकेट आहेत आणि प्रत्येकावर काही ना काही कोरलंय. माणसं, जनावरं, राक्षसी तोंडं. मान दुखेपर्यंत बघावं असं. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याची डागडुजी इतकी जोरात झाली, की इमारत कालच बांधल्यासारखी दिसते. मला जरा जास्तच स्वच्छ वाटली.

आजचा टप्पा छोटा, वीसेक किलोमीटरचा. डांबरी रस्ता आणि त्याला चिकटून कामिनोची पायवाट, सरळच्या सरळ. पाठीवर पिशव्या घेतलेले लोक एकेकटे चाललेले. स्पेनमध्ये मोटारीने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे आणि लोक तो पाळतात. पहिल्या ट्रकने आमच्यासाठी पलीकडची अख्खी मार्गिका घेतली तेव्हा ताई सायकल थांबवून मागे वळून बघायला लागल्या, काही अपघात झाला की काय म्हणून. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, तेही ध्यानात ठेवलेलं बरं.

वाटेत वियालकासार दे सिर्गा. मूठभर घरांचं गाव आणि मधोमध किल्ल्याएवढं चर्च. धर्मयुद्धांतल्या टेम्पलर सरदारांशी जोडलेलं, आणि इथल्या मरियमेचे चमत्कार राजा दहाव्या आल्फोन्सोच्या गीतांत आलेले. कार्रियोनला दुपारीच पोचलो. एल सिद या मध्ययुगीन वीराच्या महाकाव्यात त्याच्या मुलींना छळणारे जावई या गावचे, त्यामुळे या गावाच्या नावाला आठशे वर्षं एक डाग चिकटलाय. गाव मात्र मोठं आतिथ्यशील निघालं.

तिसरा दिवस : कार्रियोन ते फुएन्तेस दे नावा

कार्रियोनच्या पुढे कामिनोवर सतरा किलोमीटर एकही गाव लागत नाही, म्हणून यात्रेकरूंमध्ये त्याची धास्ती असते. आम्ही मात्र डावीकडे, दक्षिणेला वळलो. वळताक्षणी माणसं संपली.

आणि वारा सुरू झाला. डोंगरातल्या घाटाचं एक बरं असतं. तो दिसतो, वळणं मोजता येतात आणि माथा आला की संपतो. मैदानातल्या वाऱ्याला माथा नाही. सगळ्यात हलका गिअर टाकून, मान खाली घालून, ताशी दहाच्या वेगाने सपाट रस्त्यावर चढण चढल्यासारखं पेडल मारायचं. समोर पारेदेस दे नावाचा मनोरा दिसायला लागला, म्हणून उत्साहाने पाणी पिऊन घेतलं. तासाभराने तो तेवढाच होता. या भागात प्रत्येक गावाचा मनोरा आधी दिसतो आणि गाव फार नंतर येतं. पहिल्या दिवशी त्याने हुरूप येतो, तिसऱ्या दिवशी चिडचिड होते. ताईंनी मग नियमच केला, मनोऱ्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडेच्या लाल खसखशीच्या फुलांकडे बघायचं. मेच्या अखेरीस गव्हाच्या पिवळसर हिरव्या पट्ट्यांत ही फुलं उधळलेली असतात.

मनोरा सान्ता एउलालियाच्या चर्चचा, टोकाला रंगीत कौलांचा. चित्रकार पेद्रो बेरुगेते आणि त्याचा शिल्पकार मुलगा आलोन्सो, दोघेही याच गावचे. पंधराव्या शतकात इथून निघून पेद्रोने रंगवलेली जुन्या करारातल्या राजांची चित्रं आत वेदीवर आहेत. जरीच्या वस्त्रांतले, जिवंत डोळ्यांचे. आपण मागे ठेवून आलेल्या धुळीच्या रस्त्यातून कुणी असं काही करू शकतं, हे पटायला तिथे थोडं बसावं लागलं.

जेवणाची गोष्ट सांगायलाच हवी. ताई शाकाहारी, अंडं चालतं. भूक लागेल तेव्हा जेवायचं हा हिशेब इथे चालत नाही. दुपारी दोन ते चार, नाहीतर थेट रात्री नऊ. मधे बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, एवढाच आधार. त्या दिवशी फळ्यावर मसूर लिहिलेला दिसला. इथला मसूर नावाजलेला, बारीक, तपकिरी, न फुटता शिजणारा. आलं ते ताट अगदी कराडच्या ढाब्यावरच्या अख्ख्या मसुरासारखं दिसत होतं. फक्त वरून चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे, तुकडे तरंगत होते. ते मी खाल्लं. मालकीणबाईंना प्रकार समजल्यावर त्यांनी हळहळत ताईंना दोन अंडी, तळलेल्या मिरच्या आणि अर्धा पाव दिला आणि पैसे एकाच ताटाचे घेतले. मसूर मागवताना ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही, चोरिसो आणि हॅम ही नावं घेऊनच नको म्हणावं लागतं.

फुएन्तेसजवळ ला नावाचं सरोवर आहे. एके काळी पावसाळी वर्षांत हे पाणी एवढं पसरायचं, की त्याला काम्पोसचा समुद्र म्हणत. गव्हासाठी विसाव्या शतकात ते पुरतं आटवलं. १९९० पासून त्याच्या छोट्या तुकड्यात पुन्हा पाणी सोडायला सुरुवात झाली आणि पक्षी परत आले. निरीक्षणाच्या लाकडी खोपटात ताई संध्याकाळी आठला शिरल्या. इथे मेमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो. साडेनऊला मी त्यांना भुकेचं कारण सांगून बाहेर काढलं.

चौथा दिवस : फुएन्तेस ते मेदिना दे रियोसेको

पुन्हा कालव्याचा काठ, चाळीसेक किलोमीटर. झाडांच्या आडोशाने वारा निम्मा झाला. आबार्कामध्ये काठावर पिठाची जुनी गिरणी. अशा गिरण्या या कालव्यावर जागोजाग आहेत. पाणी खाली पडतं त्याच जोरावर पीठ दळायचं आणि तेच पाण्यावरून पाठवायचं, असा चोख हिशेब होता.

मधेच काठ सोडून शेतांत शिरलो, ते कबुतरखाने बघायला. या मैदानात एकुटवाणे उभे असलेले, मातीचे, कुठे गोल कुठे चौकोनी वाडे दिसतात, ते कबुतरांचे. मांसासाठी आणि खतासाठी पाळत. एक अर्धा कोसळलेला होता, त्यामुळे आतली बाजू उघडी पडली होती. भिंत माणसाच्या हाताएवढी जाड. त्यात खालपासून वरपर्यंत कोनाड्यांच्या रांगा, प्रत्येक कोनाड्याला पुढे छोटा मातीचा ओठ, अंडं गडगडू नये म्हणून. मातीत मिसळलेलं काड अजून पिवळं होतं आणि उन्हात चमकत होतं. ताईंनी भिंतीवर हात ठेवला. “आमच्या आजोळच्या धाब्याच्या घराची भिंत अशीच होती. दर वर्षी लिंपायला माणसं लागायची. माणसं गेली की भिंत गेली.” इथेही तेच झालंय. एका गावात आम्हांला बाकावर तीन म्हाताऱ्या भेटल्या आणि त्यांनी सांगितलं, की हिवाळ्यात एवढ्याच असतो.

आणि मग तो प्रकार घडला, ज्यासाठी ताई सोलापूरहून आल्या होत्या. हिरव्या मसुराच्या शेतात, तीनेकशे मीटरवर, पाच मोठे पक्षी. सायकली आडव्या टाकून ताई बांधावर पालथ्या झाल्या. आवुतार्दा, म्हणजे आपल्या माळढोकाचा युरोपातला भाऊबंद. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि तरी उडतो. जगातले निम्म्याहून अधिक स्पेनमध्येच आहेत. ते सावकाश चालत होते, मान ताठ, एखाद्या समितीने पाहणी करावी तसे. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. तिथे आता पक्षी दिसला तर बातमी होते. ताई दुर्बीण खाली न घेता म्हणाल्या, “अगं, हे पिकात उभे आहेत. शेतकरी काही म्हणत नाही?” काही भागांत कापणी उशिरा केली, पीक आलटूनपालटून घेतलं, जमीन पडीक ठेवली तर इथल्या शेतकऱ्यांना पैसे मिळतात. तरी सगळं आलबेल नाही. विजेच्या तारांचा धोका जसा आपल्या माळढोकाला, तसाच यालाही.

थोड्या वेळाने गव्हावरून तरंगत एक भोवत्या हा शिकारी पक्षी गेला. हा माँटेग्यूचा भोवत्या हिवाळ्यात सोलापूरच्या माळावरही येतो. पण तिथे येणारे मध्य आशियातले, इथले आफ्रिकेला जातात. ताईंनी तरी त्याला गाववाल्यासारखा हात केला.

मेदिना दे रियोसेको म्हणजे कालव्याच्या एका फाट्याचं टोक. प्रशस्त धक्का, कोठारं, गिरणीचं संग्रहालय. एन्रिकेस घराण्यातल्या कास्तियाच्या आरमारप्रमुखांचं हे गाव, आणि समुद्र इथून दीड-दोनशे किलोमीटर लांब! मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांना वेड्यावाकड्या लाकडी खांबांवर पेललेले सज्जे. त्यांच्या सावलीत चालत सान्ता मारियाच्या चर्चमध्ये गेलो. तिथलं बेनाव्हेन्ते घराण्याचं दालन चुकवू नये. सोळाव्या शतकातलं रंगीत गिलाव्याचं काम भिंतभर, छतभर उतू चाललंय. आदम आणि हव्वेला बागेतून हाकललं जातंय आणि शेजारी मृत्यूचा सांगाडा मजेत गिटार वाजवतोय. याच गावाबाहेर १४ जुलै १८०८ रोजी नेपोलियनच्या सैन्याने स्पॅनिश फौजेला धुळीला मिळवलं आणि मग गाव लुटलं.

पाचवा दिवस : मेदिना दे रियोसेको ते उरुएन्या

सेकियो नदीच्या खोऱ्यातून वियाब्रागिमा, तोर्देउमोस, वियागार्सिया. वियागार्सियात लहानाचा मोठा झालेला पोरगा पुढे ऑस्ट्रियाचा डॉन हुआन म्हणून १५७१ साली तुर्की आरमाराविरुद्धची लेपान्तोची लढाई जिंकला. पण आम्हांला घाई होती, कारण मागे आभाळ काळवंडलं होतं. आज वारा पाठीला. ताशी तीसने, पेडल न मारता म्हणावं इतक्या सहज आम्ही उडालो. मग या वाटेवरचा एकमेव खराखुरा चढ लागला, तोरोसोसच्या चुनखडकाच्या पठाराच्या कडेवर. लहानसाच आहे. वाऱ्याच्या तुलनेत तो चढ म्हणजे विश्रांती वाटली.

कडेवर उरुएन्या. अखंड तटबंदी, आत जेमतेम दोनशे लोक आणि जिकडेतिकडे पुस्तकांची दुकानं. २००७ साली स्पेनमधलं पहिलं ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ते जाहीर झालं. आपल्या भिलारला ही कल्पना दहा वर्षांनी आली, पण तिथे घराघरांत बसून वाचायची सोय आहे, इथे दुकानं आहेत. मला भिलारची पद्धत जास्त आवडते. बघण्याची मजा मात्र इथल्या तटावर. उत्तरेकडे सगळं मैदान पायाखाली पसरलेलं, आम्ही आलो ते रस्ते, मनोरे, आणि दूरवर चालत येणारा पाऊस. तो पोचायला अर्धा तास लागला आणि तेवढ्यात एक दुकान बघून झालं.

सहावा दिवस : उरुएन्या ते तोर्देसियास

वाटेवर सान सेब्रियान दे मासोते. दहाव्या शतकातलं चर्च, आत घोड्याच्या नालेसारख्या कमानी, मशिदीत शोभाव्यात अशा. मुस्लिम कोर्दोबाहून उत्तरेला आलेल्या भिक्षूंनी तिथलीच बांधणी इथे आणली. किल्ली शेजारच्या घरातून मागून आणावी लागली.

पुढे उतार, द्राक्षमळे आणि दुएरो नदी. तोर्देसियासला कास्तियाची राणी हुआना १५०९ पासून १५५५ साली मरेपर्यंत कोंडून ठेवलेली होती, आधी बापाने, मग मुलाने. तो वाडा आता नाही. तहाची घरं आहेत. ७ जून १४९४ रोजी कास्तिया आणि पोर्तुगालने इथे बसून जग वाटून घेतलं. केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर एक रेघ, पलीकडचं तुमचं, अलीकडचं आमचं. ‘अलीकडचं’ पोर्तुगालचं, त्यात आफ्रिकेला वळसा घालून येणारी आपली वाट पडली. चार वर्षांत वास्को द गामा कालिकतला, १५१० साली गोवा, १५३४ साली वसई. संग्रहालयातल्या नकाशावर ताई कोकण किनारा शोधत होत्या. “आणि विचारलं कुणाला?” एवढंच म्हणाल्या, पण इतक्या मोठ्याने की रखवालदाराने वर पाहिलं.

सातवा दिवस : तोर्देसियास ते वायादोलिद

तीसेक किलोमीटर. सिमांकासचा किल्ला वाटेत, ज्यात सोळाव्या शतकापासून स्पेनच्या राजवटीचे कागद ठेवलेत. मग कारखाने, वर्तुळाकार चौक, आणि इतक्या दिवसांत पहिला लाल सिग्नल. वायादोलिद मोठं आणि देखणं शहर आहे. कोलंबस १५०६ साली इथेच वारला. पण आमचं लक्ष लागेना, कान गाड्यांना सरावेनात.

सायकली परत देताना दुकानदाराने टायरमधले तीन सराटे चिमट्याने काढून काउंटरवर ठेवले आणि विचारलं, कुठून कुठे गेलात? ताईंनी नकाशावर बोट फिरवून दाखवलं. तो म्हणाला, उलट्या बाजूने जायला हवं होतं, पश्चिमेचा वारा पाठीला घेऊन. मी भाषांतर करून सांगितलं. ताईंनी पिशवीतून चष्मा काढला, नकाशा आपल्याकडे ओढला आणि तोर्देसियासपासून मागे मागे किलोमीटर मोजायला लागल्या.